शाळेची मूठ

आमच्या गावात सरकारनं बांधलेली पहिली पक्की इमारत म्हणजे हवालात. दुसरी पक्की इमारत म्हणजे त्याच हवालातीला जोडून काढलेली आणखी एक खोली. पहिली निजामाच्या सरकारनं बांधली, दुसरी त्यानंतर आलेल्या आपल्या सरकारनं. कुणी मला इतिहास सांगायला लागलं की मी एवढं सांगते आणि त्याला गप्प बसवते. पण या दोन इमारतींच्या मध्ये एक माणूस होता, पंचाक्षरी अय्या. त्याचं दोन वाक्यांत भागत नाही.

अय्या आमच्या लिंगायत मठाचा जंगम. उंच, काटकुळा, कपाळावर भस्माचे पट्टे, खांद्याला झोळी आणि गुडघ्याखाली बांधलेली घंटा. रोज सकाळी तो कोरान्नाला निघे. कोरान्न म्हणजे दारात मिळणारं कोरडं धान्य, शिजवलेलं नव्हे. दारापुढं उभं राहून तो पाय आपटी, घंटा वाजे, आणि तो वाट बघत राही. तोंडानं शब्द काढायचा नाही. त्याच्या गुरूनं त्याला तीन गोष्टी घालून दिल्या होत्या. मागायचं नाही, नाकारायचं नाही, आणि मूठ कुणासाठी आहे ते सांगायचं नाही. झोळीत पडलं ते शिवाचं, आणि ज्याला भूक लागली त्याच्या तोंडानं शिव जेवतो.

आमचं गाव नळदुर्गापासून चालत निम्म्या दिवसावर. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि कचेरीत गेलं की दोन्ही कुचकामी, कारण तिथं सगळं उर्दूत चाले. गावाला शाळा नव्हती. सरकारी मदरसा, म्हणजे उर्दू शाळा, तालुक्याला होता, तिथं कोण पोर धाडणार? तेव्हा गावानं शाळेसाठी अर्ज केला आणि अय्याला पुढं घालून माणसं तालुक्याला गेली. हाकिमानं त्यांना बसायला सतरंजी दिली, पानही दिलं, आणि उर्दूत काहीतरी सांगितलं. ज्याच्या पाया अख्खं गाव पडतं तो माणूस दुभाष्याच्या तोंडाकडं बघत बसला. दुभाषी म्हणाला, "शाळंसाठी यंदा तरतूद न्हाई. पुढल्या साली या." पुढल्या साली गेले, तर पान मिळालं नाही, उत्तर मात्र तेच मिळालं. अय्याला ते दुभाष्याकडं बघत बसणं लागलं.

त्यानंतर उन्हाळ्यात एक दिवस घडीव दगडांच्या गाड्या गावात आल्या. मागून चुना आला, गवंडी आला. वेशीजवळच्या सरकारी जागेत पाया खणायला लागले. सरकारला विचारणार कोण, की बाबा हे काय बांधतोस? गावानं आपलं आपणच ठरवून टाकलं, अर्ज मंजूर झाला. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं म्हणत माणसं नाचायची तेवढी राहिली. अय्यानं धुतलेली कफनी घातली, पायाच्या दगडाला भस्म आणि बेल वाहिला, नारळ फोडला. माझ्या आईनं, शांताक्कानं, गूळखोबरं वाटलं. गवंड्याला खरं ठाऊक होतं की नाही देव जाणे. खोबरं मात्र त्यानं खाल्लं.

भिंती डोक्याच्या वर गेल्या तरी खिडक्या दिसेनात. आई बोलायला फटकळ. तिनं अय्याला वाटेत गाठून विचारलं, "अय्या, शाळंला खिडक्या कुठं हायत?"

"लई वर काढत्यात, अक्का. पोरांनी भाईर बघत बसू न्हाई म्हणून. शहरात असंच आसतंय," अय्या म्हणाला.

त्यानं शहरातली शाळा जन्मात पाहिली नव्हती. पुढच्या आठवड्यात लोखंडी गज आले, आणि गावाला कळलं की आपण हवालातीला नारळ फोडला.

गाव हसलं. अय्याला बघितलं की माणसं म्हणायची, "अय्या, आता येकदा फाशीच्या खांबाला हळद लावून टाका." तो हसण्यावारी नेई, पण मला वाटतं त्याच्या मनात ते रुतून बसलं होतं. त्या वर्षी दिवाळीनंतर तो पायी सोलापूरला गेला आणि येताना एक तरुण मास्तर घेऊन आला. विरूपाक्ष त्याचं नाव. सातवी झालेला, बारीक आवाजाचा, भित्रा दिसणारा. सोलापूर इंग्रजांच्या राज्यात, तिथं असे मास्तर मिळत. मठाच्या पडवीत शाळा सुरू झाली. परवाना मागितला असता तर मिळाला नसता, म्हणून मागितलाच नाही.

मास्तराला द्यायचं काय? अय्याकडं देण्यासारखी एकच गोष्ट होती, झोळी. तिथं त्यानं गुरूची तिसरी गोष्ट मोडली. घरोघरी थांबून तो बायकांना म्हणाला, "आता माझी मूठ येगळी आन शाळंची मूठ येगळी. शाळंचं गाडगं वायलं ठिवा." त्याच्या तोंडून दारात शब्द निघालेला बायकांनी पहिल्यांदा ऐकला. प्रत्येक घरात दळायला बसण्याआधी एक मूठ जवारी त्या गाडग्यात पडू लागली. माझी आई मूठ टाकताना माझं नाव घ्यायची. मी तेव्हा पडवीत बसून धुळीत 'क' काढत होते.

माझ्या शेजारी अन्वरी बसे. तिचा बाप वली ठाण्यात शिपाई होता, तीच हवालात राखायचा. मुसलमानाच्या दारात जंगम कोरान्नाला जात नाही. पण एका सकाळी अन्वरीच्या आईनं, अजीजाबीनं, अय्याला रस्त्यातच अडवलं. "शाळा समद्यांची म्हणताव, आन मूठ तेवढी निवडून घेताव व्हय?" अय्या क्षणभर घुटमळला. मग गुरूची दुसरी गोष्ट आठवली असेल, त्यानं झोळी उघडली. त्यावर गावात कुरकुर झालीच. अय्या म्हणाला, "दाण्याला इचारून बघा कुणाचा हाय ते."

दोनेक वर्षं शाळा चालली. माझी बाराखडी झाली, पाढे सुरू झाले. अन्वरी माझ्याहून हुशार. मास्तर पावकीचा पाढा म्हणायला लावायचे तेव्हा ती डोळे मिटून म्हणायची आणि कुठं अडायची नाही. मला तिचा हेवा वाटायचा, हे आज सांगायला हरकत नाही.

मग सत्तेचाळीस साल आलं. पलीकडं सोलापुरात स्वातंत्र्य आलं, अलीकडं आमच्याकडं आलं नाही. जो तो पकडला जायला लागला. ठाण्याचा अमीन, म्हणजे फौजदार, एका सकाळी मठात आला. मास्तरांच्या ट्रंकेत सोलापूरची वर्तमानपत्रं निघाली. शाळा विनापरवाना, मास्तर परमुलखातला. त्याला उचलून त्याच हवालातीत नेऊन घातलं. आत आणखी पाचसात माणसं होती, आसपासच्या गावची.

आता बायकांनी काय केलं ते ऐका. शाळा बंद झाली म्हणून एकीनंही गाडगं रिकामं केलं नाही. मूठ मास्तरांची, मास्तर हवालातीत, म्हणून मूठ हवालातीत, असा त्यांचा सरळ हिशेब. अय्या झोळी भरून आणायचा, बायका आळीपाळीनं भाकरी करायच्या, अय्या त्या दुपारी गजाआड द्यायचा. एकट्या मास्तरांना कसं द्यायचं, म्हणून सगळ्यांनाच. आम्ही पोरं मागच्या भिंतीशी, त्या उंच झरोक्याखाली जाऊन बसायचो, आणि आतून मास्तर पाढे म्हणायचे. शेवटी शाळा त्याच इमारतीत भरली म्हणायची. अमीनानं चार दिवस सोसलं, मग तिथं बाभळीच्या काट्या टाकल्या.

थंडी गेली, उन्हाळा लागला, मास्तर सुटेनात. त्यांच्यावरचा गुन्हा तो केवढा! वलीच म्हणे, तालुक्याला नेलं तर मुन्सिफ दटावून सोडून देईल. मग नेत का नाहीत? एका दुपारी वली मठाच्या मागच्या दारानं आला. त्यानं जे सांगितलं ते अय्यानं पुढं माझ्या आईला सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

"अय्या, कैद्यांच्या खुराकीचं पीठ सरकारातनं येतंय. पोती येत्यात. अमीनसाब ती परभारे बाजारात धाडतो. कैद्यांना गाव खाऊ घालतंय न्हवं? मग माणसं सोडून त्येला काय मिळणार? मास्तरांचे कागद त्येनं पुढं धाडलेच न्हाईत. तुमची झोळी चालू हाय तवर मास्तर भाईर येत न्हाईत."

अय्यानं विचारलं, "आन झोळी बंद केली तर?"

"तर पीठ द्यावं लागंल, न्हाईतर माणसं तालुक्याला धाडावी लागतील. पर माझं नाव घिऊ नका. सालटं काढील माझं."

ज्या सरकारला शाळेसाठी तरतूद नव्हती, त्याच्याकडं हवालातीसाठी पोत्यानं पीठ होतं. आणि शाळेची मूठ त्या पिठावर पांघरूण घालत होती. हे कळल्यावर अय्याला काय वाटलं असेल? मला विचाराल तर त्याला पुन्हा तो नारळ आठवला असेल.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली नाही. जंगम फिरला नाही तर गावाला अवकळा येते असं आमच्यात मानतात. बायका दारात येऊन बघून गेल्या. दुपारी माझी आई आपणच भाकरी बांधून हवालातीकडं निघाली, तर वाटेत अय्या आडवा बसलेला. तो म्हणाला, "फिर माघारी, अक्का. हवालातीत ह्या गावचा दाणा जाईल तर मठाची आण हाय."

"मास्तर उपाशी हायत, अय्या."

"आण हाय म्हणलं न्हवं?"

"कारण तरी सांगा."

अय्यानं मान हलवली. जंगमाची आण मोडणारी बाई आमच्या गावात जन्माला आली नव्हती. आई भाकरी घेऊन परत आली, ती चुलीपुढं बसून रडली, आणि मग अय्याला तिनं ज्या शिव्या दिल्या त्या मी इथं लिहिणार नाही.

हिशेब बरोबर होता. चुकलं ते एवढंच, की अमीनानं होतं नव्हतं ते पीठ केव्हाच विकलं होतं. त्यानं वर मागणी केली, पण दिवस धामधुमीचे, वाटेत रझाकारांची टोळकी, गाड्या येईनात. माणसं तालुक्याला धाडायला तो भ्याला, कारण तिथं कैद्यांनी तोंड उघडलं तर खुराकीची गोष्ट निघणार. त्यानं आंबिलीवर दिवस काढले. पाण्यासारखी आंबील. मास्तरांना हगवण लागली. आण मठाची, ती वलीला लागू नव्हती. तो आपल्या फडक्यातली भाकरी रोज मास्तरांना द्यायचा. पण एक भाकरी किती जणांत पुरणार, आणि मास्तरांच्या पोटात ती ठरतही नव्हती.

मृगाच्या तोंडाला मास्तर गेले. अय्यानंच त्यांना मठाच्या जागेत माती दिली. बाकीची माणसं अमीनानं नंतर सोडून दिली, तालुक्याला न नेता, अशीच. अय्याचा डाव यशस्वी झाला म्हणायचा. ज्याच्यासाठी केला तो तेवढा उरला नाही.

गावानं अय्याला वाळीत टाकलं नाही, पण त्याहून वाईट केलं. त्याच्या पाया पडायचं सोडलं. तो घंटा वाजवीत दारात आला की बायका आतनंच ऐकायच्या, एखादी कशीबशी मूठ टाकायची, तोंडाकडं न बघता. शाळेची गाडगी सगळ्यांनी दळून खाल्ली. अय्यानं वलीचं नाव घेतलं नाही, आणि म्हणून स्वतःच्या बाजूनं एक शब्द त्याला बोलता आला नाही. मला ते दिवस आठवले की अजून गावाचा राग येतो. त्यात माझी आईही आली.

भाद्रपदात पोलीस अ‍ॅक्शन झाली. निजामाचं राज्य बुडालं. अमीन कुठं पळाला कुणाला कळलं नाही. वली पळाला नाही, पळायला त्याला जागाच नव्हती. जुन्या सरकारचा शिपाई, मुसलमान, एवढं पुरलं. जी हवालात तो राखत होता तिच्यातच त्याला कोंडलं, आणि त्याच्यासारखे इतके कोंडले की बसायला जागा उरली नाही.

नवा साहेब गांधीटोपीवाला होता, मराठी बोलायचा. अय्याच्या जिवाला तेवढीच आशा. तो त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. या खेपेला दुभाषी लागला नाही. साहेबानं खुर्ची दिली आणि गोड शब्दांत सांगितलं, "महाराज, शाळा तर काढायचीच आहे. पण आधी बंदोबस्त. हवालात अपुरी पडते, तिला एक खोली वाढवायची मंजुरी आली आहे. शाळेसाठी यंदा तरतूद नाही." अय्यानं आमच्या घरी येऊन आईला सांगितलं, "पयल्यांदा मला समदं कळलं बघ, अक्का. येक न् येक शबूद."

त्याच दिवशी त्यानं आईला वलीची सगळी हकिगत सांगितली. आता लपवून वलीचं काही वाचणार नव्हतं, उलट सांगितलं तर त्याला कुणी भाकरी देईल. मी शेजारी बसून शेंगा फोडत होते. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "खरं आसंल, अय्या. तुमी खोटं बोलणार न्हाई. पर त्या हवालातीसाठी माझ्या हातातनं मूठ सुटत न्हाई आता."

अय्या तरी दुसऱ्या सकाळी निघाला. एकेका दारात घंटा वाजे, आणि आतनं एकच प्रश्न येई, "कुणाची मूठ?" पूर्वी हे कुणी विचारलं नसतं. त्यानंच मुठीला नाव दिलं होतं, आता गाव नाव विचारत होतं. शाळेची म्हटलं असतं तर झोळी भरली असती. तो म्हणायचा, "हवालातीची." आणि दार लागायचं.

फिरत फिरत तो अजीजाबीच्या दाराशी आला. तिनं काही विचारलं नाही. आत गेली आणि एक गाडगं घेऊन आली, काठोकाठ भरलेलं. सगळ्या गावानं शाळेची गाडगी दळून खाल्ली तेव्हा हिनं एकटीनं मूठ टाकायचं चालू ठेवलं होतं.

"शाळंची हाय," ती म्हणाली. "शाळा मिटली म्हणून मला कुनी सांगितलं न्हाई."

"अजीजाबी, वली आत हाय. त्येला नेऊ का?"

तिच्या मागं अन्वरी उभी होती. अजीजाबी म्हणाली, "माझ्याकडनं जमंल तशी मी त्येंना भाकर धाडती. ही शाळंची हाय. अन्वरीची हाय. तितं नेऊ नका."

अय्या ते गाडगं घेऊन थेट हवालातीच्या दारात जाऊन बसला. पहाऱ्यावर नवा शिपाई होता, त्यानं हाकललं नाही. गजाआड वली होता. त्याचे गाल बसले होते. अय्यानं गाडगं दाखवलं आणि म्हणाला, "तुझ्या घरचं हाय, वली. शाळंची मूठ हाय. येकदा हीच मूठ हितं आणली तर मास्तर आतच अडकले. येकदा बंद केली तर मास्तर गेले. आता काय करू, तूच सांग."

वली गाडग्याकडं बघतच म्हणाला, "हितलं सरकारनं द्यावं. तुमी द्यायला लागलाव की सरकारचं पीठ पुन्हा बाजारात जाईल, मीच सांगितलंवतं की तुमाला. शाळंचं शाळंत न्या, अय्या."

अय्या उठला. चार पावलं गेला असेल, तोच मागून वलीचा आवाज आला, अगदी हळू.

"अय्या. आजच्यापुरती येक भाकर द्या. आजच्यापुरतीच."

अय्यानं मठात जाऊन स्वतः दळलं, स्वतः थापली आणि आणून दिली. दुसऱ्या दिवशी वलीनं मागितली नाही, अय्यानंच नेली. तिसऱ्या दिवशी वलीच्या शेजारच्या माणसानं हात पुढं केला. थंडी संपायच्या आत गाडगं रिकामं झालं. रिकामं गाडगं अय्यानं अजीजाबीच्या ओट्यावर नेऊन ठेवलं आणि डोकं खाली घालून उभा राहिला. तिनं ते उचललं आणि आत नेऊन उपडं घातलं. ती त्याला एक शब्द बोलली नाही. तो म्हणायचा, तुझी आई शिव्या द्यायची ते बरं होतं.

हवालातीची दुसरी खोली उठली तेव्हा साहेबानं पायाभरणीला अय्याला बोलावणं धाडलं. तो गेला नाही.

वली सुटून आला तो वाकूनच. काम नाही, माणसं बोलत नाहीत. त्यानं अन्वरीचं लग्न लावून दिलं, तेरखेड्याकडं. पावकी डोळे मिटून म्हणणारी पोर, तिला जोडाक्षरं आलीच नाहीत. मला आली, कारण माझी मावशी सोलापूरला होती आणि आईनं मला तिच्याकडं धाडलं. दोघींत फरक एवढाच, त्यात माझी हुशारी काही नाही.

पुढं कितीतरी वर्षांनी गावात सरकारी शाळा बांधली. मी सुट्टीला आले होते. अय्या म्हातारा झाला होता, घंटा बांधायची त्यानं सोडली होती. उद्घाटनाला त्याच्यापुढं नारळ धरला, तर तो घेईना. तो काठी टेकत इमारतीच्या भोवतीनं गेला. प्रत्येक खिडकीपाशी थांबायचा आणि हात आपल्या कमरेएवढा खाली धरून बघायचा, एवढ्या उंचीच्या पोराला बाहेरचं दिसेल का. सगळी माणसं खोळंबली होती. पूर्ण फेरा झाल्यावर तो माझ्यापाशी आला.

"व्हय. ही शाळाच हाय," तो म्हणाला. "अन्वरीला बोलावलंय का?"